मजुरीचं खातं

मिस्तरींनी काही चोरलं नव्हतं. हे वाक्य मी आठ वर्षं तोंडातून काढलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

कळंबजवळ हायवेला पाण्याच्या मोटरींचं दुकान होतं. पुढे माल, मागच्या शेडमध्ये जळालेल्या मोटरी भरून द्यायचं, म्हणजे आत तांब्याची नवी तार गुंडाळायचं काम. मोटरी भरणारे मिस्तरी अवसरी खुर्दचे, पन्नाशीतले. त्यांना पगार नव्हता. मजुरीचे जे पैसे जमा होतील त्यातला तिसरा हिस्सा त्यांचा. मी हिशोबाला. नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा चौतिसाव्या वर्षी मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स करून ही नोकरी मिळवलेली. ती जाऊन चालणार नव्हतं.

प्रत्येक बिलात दोन रकमा असायच्या, माल आणि मजुरी. पैसे मात्र एकदम येत नसत. गिऱ्हाइकं शेतकरी; कांदा विकून पट्टी हातात आली की थोडे, पुढच्या पट्टीला उरलेले. दुकानाची रीत अशी, की आलेले पैसे आधी मालाचे धरायचे आणि माल फिटला की राहिलेले मजुरीचे. जुन्या वहीत त्याला दोन रकानेच होते. मग शेठनी कॉम्प्युटर आणला आणि वही कपाटात गेली. आता पैसे आले की बिल उघडायचं, रक्कम टाकायची, उत्पन्नाचं खातं निवडायचं. पहिल्या हप्त्याला मी ‘माल विक्री’ निवडायचे. दुसऱ्या हप्त्याला तेच खातं आपोआप पुढे यायचं. ते बदलून ‘मजुरी’ करायला हवं होतं. मी एंटर मारत राहिले. बाकी शून्य दिसली की मला वाटायचं, झालं काम.

तीनेक महिन्यांनी शेठ छापलेला कागद घेऊन टेबलाशी आले. “मोटरी तेवढ्याच येतात. मग मजुरी निम्मी कशी?”

“काय माहीत, शेठ.”

“मिस्तरी घरी कामं घेतोय. तार आपली, मजुरी त्याची.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुम्ही लक्ष ठेवा. इथून तुम्हाला सगळं दिसतं.”

आणि मला खरंच दिसायला लागलं. मिस्तरींची पिशवी येताना सपाट, जाताना फुगलेली. बेल्ह्याच्या बैलबाजाराला जायचं म्हणून अर्धा दिवस सुट्टी, आणि बैल तर त्यांनी कधीच विकलेले. एक गिऱ्हाईक शेडमध्ये जाऊन हळू आवाजात काही बोलून गेलं, तर मी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली. एकदा चहा पिताना मिस्तरी म्हणाले, “ताई, आजकाल लई बघताय माझ्याकडं. सोयरीक आणली का काय?” मी हसले नाही. चोर असाच गोड बोलतो, असं मनात आलं.

त्या महिन्याचा हिस्सा त्यांनी दोनदा मोजला. “ताई, हिशोब बरोबर हाय ना? काम तर मी कमी केलं न्हाई.”

“कॉम्प्युटर चुकत नाही, मिस्तरी.”

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला होता.

पुढच्या शनिवारी ते निघताना शेठनी पिशवी मागितली आणि काउंटरवर पालथी केली. चारएक गिऱ्हाइकं उभी होती. पिशवीतून जेवणाचा डबा निघाला, ऑइलनं माखलेला शर्ट निघाला, आणि मालाच्या खोक्यांचे पुठ्ठे, चूल पेटवायला नेत असलेले.

“आज नसेल. काल काय नेलं?” शेठ म्हणाले.

“इचारायचं व्हतं, शेठ. चार लोकांत पिशवी कशाला पालथी केली?”

एवढंच बोलले. पुठ्ठे तिथंच ठेवून गेले आणि परत आले नाहीत.

मार्चअखेरीला माल मोजला, तर कॉम्प्युटरात जेवढ्या पैशांची माल विक्री दिसत होती, तेवढा माल दुकानातून गेलेलाच नव्हता. मी एक बिल उघडलं, मग दुसरं, मग सगळी. मिस्तरींची मजुरी तिथं होती, मालाच्या नावावर. दोन दिवसांत मी एकेक नोंद बदलली. कॉम्प्युटरनं एकदाही विचारलं नाही का बदलताय. त्यांच्या हिश्श्याचा बुडालेला आकडा चिठ्ठीवर काढला, पाठ झाला, चिठ्ठी फाडली. दुरुस्त हिशोबाचा नवा कागद फाईलला लावला. शेठनी तो पाहिला नाही, त्यांना नवा मिस्तरी मिळाला होता.

जुन्याला कुणी काम देईना. “त्याची पिशवी उघडली होती म्हणे,” एवढं पुरेसं होतं. ते लोकांच्या विहिरींवर मोटरी उतरवायच्या हमालीला जायला लागले.

ती नोकरी सोडल्यावरही मी गप्पच. शेवटी अवसरीला गेले आणि मिस्तरींना सगळं सांगितलं.

“शेठला सांगितलं?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगता, ताई? मी चोरलं न्हाई, हे मला ठाऊकच व्हतं. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. शेठ म्हणाले, आत बसू. मी काउंटरपाशीच उभी राहिले आणि गिऱ्हाइकांसमोर बोलले. शेठ खाली बघत होते.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“नोकरी गेली असती.”

“किती निघत होते त्याचे?”

मी आकडा सांगितला. त्यांनी गल्ला उघडला, नोटा मोजल्या, माझ्यापुढे धरल्या. “एवढे नेऊन द्या त्याला.”

“मी नाही नेणार. तुम्ही जा.”

त्यांनी नोटा परत गल्ल्यात ठेवल्या. “जातो,” म्हणाले. ते गेले की नाही, हे विचारायला मी अजून अवसरीला गेलेले नाही.