पूजेबाहेरचा पाना

चिक्कडपल्लीतल्या आमच्या अंगणात एक जुनी पिकअप सगळा भाद्रपद लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पुढची चाकं काढलेली, स्प्रिंगचे पाटे उतरवलेले आणि माझ्या तुळशीपाशी ग्रीसचा डबा. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात आमच्या ह्यांनी आणि समोरच्या भाईसाहेबांनी ती भागीत घेतली होती. दोघं एकाच सरकारी कचेरीत, दोघांनाही यंत्रांचं वेड. गावाकडची ज्वारी आणायला उपयोगी पडेल, असं मला सांगण्यात आलं होतं. ज्वारी आली एकदाच. बाकी सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्याखाली आडवे, आणि मला दिसायचे ते फक्त पाय आणि चहाचे रिकामे कप.

संस्थान भारतात विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्हाला आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही. पण समोरच्या घरातले आवाज तेव्हापासून खाली आले. भाईसाहेबांचे थोरले भाऊ आईला घेऊन कराचीला गेले होते, आणि म्हातारी भाईसाहेबांनाही बोलावत होती. शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. बायकोला आधी पाठवलं, स्वतःसाठी मुंबईहून दसऱ्यानंतर लगेच सुटणाऱ्या जहाजाचं तिकीट काढलं.

आमच्या ह्यांनी हट्ट धरला, की रेल्वेनं जायचं नाही. आपल्या गाडीतून मी तुला बंदरापर्यंत पोचवतो. सोलापूर, पुणे, मुंबई. वाटेत कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, सगळं ठरलं. घोडं अडलं होतं एवढ्यावरच, की गाडीचा पुढचा भाग खिळखिळा झाला होता. एक पाटा तुटलेला, आणि चाक ज्या खिळीवर वळतं तिच्याभोवतीचे पितळी बुश, म्हणजे कड्या, झिजलेले. जरा वेग घेतला की स्टिअरिंग हातात थरथरायचं.

पाटे लोहाराकडून पाणी देऊन आणले. बुश सुलतान बाजारामागच्या लेथवाल्याकडून नवे कातून घेतले. गंजलेले नट भाईसाहेबांच्या लांब दांड्याच्या पान्यानं सुटले. तो त्यांच्या वडिलांचा पाना. दुसऱ्या कुणाला ते सहसा हात लावू देत नसत, ह्यांना देत.

खीळ अंगठ्यानं दाबून आत गेली आणि डगमगली नाही की काम झालं, हे मला ह्यांनीच पहिल्या दिवशी समजावलं होतं. तशी ती गेली, मी डोळ्यांनी पाहिली. तरी संध्याकाळी पुन्हा बाहेर. ढिली वाटते म्हणे. बुश पुन्हा लेथवर गेला. मग पाट्यांचा क्लँप पसंत पडेना. एकदा जेवताना मी म्हटलं, "तुम्हाला त्यांना पाठवायचंच नाही." त्यावर ह्यांनी भात मागितला.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो रिवाज हे कधी पाळत होते? एरवी सकाळी कुंकू लावायचं आणि दुपारी त्याच कुंकवासकट पाना घेऊन गाडीखाली शिरायचं. त्या वर्षी मात्र अंगात एकदम भक्ती संचारली. झाडून सगळी हत्यारं चौरंगावर मांडली, भाईसाहेबांचा पानासुद्धा, आणि दसरा झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून बजावलं. दसऱ्याला निघालं नाही तर जहाज चुकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक जहाज चुकलं तर माणसाचं मन बदलेल, एवढाच हिशेब.

नवमीच्या संध्याकाळी हे झेंडू आणि आपट्याची पानं आणायला सुलतान बाजारात गेले असताना भाईसाहेब आले. सकाळच्या रेल्वेनं निघतो म्हणाले. पाना न्यायला आले होते. चौरंग पाहून उंबऱ्यातच थांबले. मी पाना उचलायला वाकले. देव काही रागावला नसता.

"नक्को भाभी," ते म्हणाले. "पूजे में रखे सो चीज है. दसरा होने देव."

मग बराच वेळ पायरीवर बसून राहिले. बाजारात गर्दी, हे काही येईनात. उठताना म्हणाले, "उनो मेरेकू रोकने के वास्ते काम लंबा कर रै थे. मेरेकू मालूम था. मैं बी जल्दी नै किया."

हे आल्यावर मी सगळं सांगितलं. आत्ताच जा म्हटलं. "सकाळी बघतो, कसा जातो ते," एवढं बोलून ह्यांनी पानांची जुडी सोडली. राग होता, आणि रागाखाली भीती होती. बारा पावलांची गल्ली काही ओलांडली नाही.

सकाळी ठोकाठोकीनं मला जाग आली. चौरंग रिकामा होता. हे गाडीखालून ओरडले, दुपारपर्यंत गाडी तयार होते, त्याला थांबायला सांग. मी पलीकडे गेले. दाराला कुलूप होतं. परत येऊन सांगितलं, तेव्हा ठोकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दुपारी गाडी चाकांवर उभी राहिली. एका सकाळचं काम होतं. संध्याकाळी सीमोल्लंघनाला मला शेजारी बसवून हे विद्यानगरच्या पलीकडच्या माळापर्यंत गेले. स्टिअरिंग जरासुद्धा थरथरलं नाही. "मुंबईपर्यंत हात दुखला नसता," हे म्हणाले आणि रडले. मित्राला अडवून ठेवायला गेले, आणि त्याच्यासोबतची हक्काची वाट घालवून बसले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथंच विरला.

पोचल्याचं पत्र आलं. पुढं येणं-जाणं अवघड होत गेलं. गाडी आम्ही विकली.

पण त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला हे सगळी हत्यारं पुजायचे आणि तो लांब दांड्याचा पाना पुसून बाहेर पायरीवर ठेवायचे. हा का नाही, म्हणून एकदा सुनेनं विचारलं.

"न्यायला आला तर हातात देता यावा," हे म्हणाले.