द्रौपदाबाईंचा 'आ'

पिंपळवंडीच्या अंगाला चिंचमळ्यात दुधाची डेअरी आहे. तिथं द्रौपदाबाई बावीस वर्षं दूध मापून घेतात. शिक्षण चौथी नापास. पण कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावर सांगणार, "साळू, काल कोबीचा पाला घातला व्हता नव्हं?" कुणाच्या गोठ्यात काय चाललंय, ते सगळं त्यांच्या वहीत. गाभण गाय व्यायच्या दोन महिने आधी आटवली, म्हणजे तिचं दूध काढणं बंद केलं, की तिच्या नावापुढं बाई एक 'आ' काढायच्या. मोठा, काना लांब ओढलेला.

पाडव्याच्या आगंमागं दूध संघानं भरतसाहेबांना धाडलं. चैताच्या उन्हात अंगात कोट. त्यावरनंच ओळखावं. त्यांनी भिंतीवर तीन चौकोन पाडले, मधे बाण.

"दुधाचं एक सॉफ्टवेअर, पेंडीचं दुसरं, जनावरांच्या डॉक्टरांचं तिसरं. आजवर ही एकमेकांशी बोलत नव्हती. आता इंटिग्रेशन केलंय. इथं भरलेलं तिकडं आपोआप कळणार."

"बोलत नव्हती? भावकी व्हती का?" बाई म्हणाल्या. डेअरी हसली, साहेब हसले नाहीत. त्यांनी वही चाळली.

"हे 'आ' काय?"

"आटवलेली गाय."

"सिस्टीमला तसा रकाना नाही. शून्य भरा."

"साहेब, रिकामं भांडं आन् झाकून ठेवलेलं भांडं येक न्हाई."

"तुम्ही फक्त भरा, बाई. पुढचं प्रोसेस बघेल."

प्रोसेसनं बघितलं बरं का.

जेठात, भर दुपारी, साळुबाईची गाय अडली. वासराचा एकच पाय बाहेर. साळुबाईच्या दावणीला तेवढीच एक गाय. साळुबाई पळत डेअरीत आली. नव्या रीतीनं डॉक्टर हवा तर मोबाईलवर अर्ज टाकायचा. बाईंनी टाकला. उत्तर आलं : 'जनावर अस्तित्वात नाही.'

बाईंनी भरतसाहेबांना फोन लावला.

"साठ दिवस दूध शून्य, म्हणजे जनावर विकलं किंवा मेलं, असा नियम आहे," साहेब म्हणाले. "दुधाच्या सिस्टीमनं कळवलं, डॉक्टरांच्या सिस्टीमनं नाव काढून टाकलं. म्हणजे इंटिग्रेशन अगदी बरोबर चाललंय."

"मेलेली गाय हंबरतीय, साहेब. ऐकवू का?"

"तक्रार नोंदवा. अठ्ठेचाळीस तासांत बघतो."

सिस्टीमला चुगली करायला शिकवलं, खात्री करायला शिकवलं नाही. असल्या बोलण्यापेक्षा भावकीचा अबोला बरा.

बाईंनी फोन ठेवला. वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेला सावळेराम डॉक्टरांचा नंबर फिरवला. डॉक्टर खोडदला होते.

"साळूची गाय अडलीय. वहीत 'आ' हाय."

"कधीचा?"

"पाडव्याचा."

"निघालो."

अर्ध्या तासात फटफटी आली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला, आत दुमडलेला पाय सरळ केला आणि कालवड ओढून काढली. गाय तिला चाटायला लागली तेव्हा कुठं साळुबाई खाली बसली.

दुसऱ्या दिवशी भरतसाहेबांचाच फोन. "बाई, कालवडीची नोंद होत नाही. सिस्टीम म्हणते, आई नाही. मग ही आली कुठून?"

"लिवा, आभाळातनं पडली."

बाईंनी वही पुढं ओढली, साळुबाईच्या गाईचा 'आ' खोडला आणि शेजारी लिहिलं : व्याली.