महाराजांचा उजवा पाय

माझी मुलींची शाळा म्हणजे पंचवटीतली भाड्याची एक खोली आणि वर गंजलेले पत्रे. पावसाळ्याच्या आत पत्रे बदलले नाहीत तर पोरींचे बाप त्यांना घरी बसवणार, हे उघड होतं. बापांना निमित्तच हवं असतं मेलं. पहिली जाणार होती ती वर्गातली माझी सगळ्यांत हुशार पोर. तिच्या बापाची भुसाराची आडत होती आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं.

गावातल्या प्रतिष्ठितांकडे वर्गणी मागून झाली. वर्गणी मिळाली नाही, सल्ले मात्र पोतंभर मिळाले. शेवटी क्लबातल्या वकील मंडळींनी एक टूम काढली. कुणीतरी दिवसभर घाटावर एका पायावर उभं राहून दाखवावं, नवे पत्रे आम्ही घालून देतो. सूर्य मावळायच्या आत पाय टेकला तर मात्र काही मिळायचं नाही. धर्मसुद्धा करायचा तर आधी करमणूक करून घ्यायची, अशी ती मंडळी.

तयार कोण झालं, तर आमचे हे. कचेरीत कारकून, अंगाने काडी, धोतर नेसताना भिंतीचा आधार घेणारे. मी म्हटलं, "अहो, हसं होईल."

"होऊ दे की. पत्रे तरी होतील," हे म्हणाले.

उजाडताच हे घाटावर उजवा पाय उचलून उभे राहिले. गळ्यात पाटी, 'मुलींच्या शाळेसाठी'. तोल जाईल म्हणून बोलायचं नाही, ऊन लागतं म्हणून डोळे मिटलेले. आता नाशकात, गोदेच्या काठी, उघड्या अंगाचा माणूस डोळे मिटून एका पायावर मुकाट उभा असला, तर यात्रेकरूंनी काय समजावं? वणीकडच्या एका बाईने पहिला हार घातला. "लय मोठे महाराज हायेत," म्हणाली, आणि मग रीघच लागली. पाटी झेंडूखाली गडप झाली. मी घसा फोडून सांगत होते, की अहो, हे कारकून आहेत, शाळेसाठी उभे आहेत. एका म्हातारीने मलाच दटावलं, "गप बस बाई, त्यांची समाधी मोडंल." भाविकांनी मला ढकलत ढकलत मागच्या पायरीवर नेऊन बसवलं. पुढ्यात पडलेले पैसे घाटावरचे उपाध्ये उचलून नेत होते, अगदी भक्तिभावाने.

ऊन कललं. वकील मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. सूर्य मावळायला थोडाच अवकाश राहिला आणि गर्दीतून नारळ घेऊन त्या हुशार पोरीचा बाप आला. मागे मान खाली घालून पोर. गुलालाने माखलेल्या ह्यांना त्याने ओळखलं नाही. ओळखण्याइतकं त्याने त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. पोरीने मात्र मान वर केली आणि ती टक लावून बघत राहिली.

"महाराज, कौल द्या," तो हात जोडून म्हणाला. "पोरीचं लग्न यंदा उरकून टाकावं म्हणतो. तुमची मनाई असेल तर पाय टेकवा."

लबाड कुठला. दिवसभर टेकला नाही तो पाय आत्ताच कशाला टेकतोय, हा त्याचा हिशेब. देवाशीसुद्धा आडतीतलाच सौदा.

ह्यांनी डोळे उघडले. पोरीकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, आणि उजवा पाय शांतपणे खाली ठेवला.

बाप पांढराफटक पडला. त्याने तिथेच लोटांगण घातलं. वकील मंडळी "अरेरे, थोडक्यात हुकलं," म्हणत मोठ्या समाधानाने उठली. पत्रे गेले. आणि तरी त्या काडीएवढ्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला, की घरी जाताना ती पाटी मीच मिरवत नेली.

त्या वर्षी शाळा गळकीच भरली. काही पोरी घरी बसल्या. ती पोर मात्र डोक्यावर छत्री धरून गणितं सोडवत बसे, कारण महाराजांची मनाई मोडायची बापाची छाती नव्हती. पुढे ती परीक्षेत पहिली आली, तेव्हा त्याने घाटावर महाराज उभे होते त्या जागी पेढे वाटले, आणि परत येताना वाटेत आमच्या ह्यांना धक्का देऊन पुढे गेला.

संध्याकाळी पोर आमच्याकडे आली. एक पेढा ह्यांच्या हातावर ठेवला, वाकली, आणि उजव्या पायाला तेवढा हात लावून गेली.