पाणलाव्याला मोजता येत नाही

पाणलावा फार भित्रा पक्षी. तळ्याकाठच्या लपणात माणूस शिरताना दिसला, की तो पाणकणसातून बाहेर येत नाही. पण त्याला मोजता येत नाही. दोघं आत गेली आणि एकच परतलं, तरी त्याला वाटतं, सगळे गेले. म्हणून नऊ वर्षं दर रविवारी पहाटे माझी बायको शोभा माझ्याबरोबर यायची आणि मला लपणात बसवून एकटी बांधावरून परतायची. जाताना पाणलाव्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणायची, "चला, गेलो हो आम्ही दोघं! आणि अहो, शिंकू नका म्हणजे झालं."

मग समोरून सूर्य वर यायचा आणि पाणलाव्याच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ उमटायची. असे माझ्याकडे चारशे बारा फोटो आहेत. त्याच उजेडात बांधावरून चालत जाणाऱ्या शोभाचा एकही नाही. माझं लक्ष पाणकणसाकडे असायचं.

ती वारली त्याला पाच महिने झाले. आज पहिल्यांदाच एकटा गेलो. दोन तास बसलो. एक जण आत शिरला आणि कोणीच परतलं नाही, एवढं पाणलाव्यालाही कळत असावं. ऊन पांढरं पडलं, तेव्हा कॅमेरा पिशवीत भरून निघालो. बांधाच्या टोकाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. पाणलावा बाहेर आला होता, चिखलात चोच खुपसत निवांत फिरत होता. आज परतणारा मीच होतो, आणि लपणात कोणी नव्हतं.