ढालकऱ्याची जास्तीची काच

दहा मार्च, रविवार. टेबलावरच्या डब्यात सगळ्यांच्या वर्गणीचे एक हजार चारशे साठ रुपये जमले होते. ते मोजून देऊन चष्मेवालीने खेळाच्या नियमांच्या पुस्तकाची कोरी प्रत आणली. आधीची प्रत म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, मधली पानं गळालेली. त्या गळक्या प्रतीवर चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीतला डाव सहा वर्षं सुखाने चालला होता.

खेळ असा. तिघं तीन वीर व्हायचे आणि चष्मेवाली उरलेलं सगळं जग व्हायची. राक्षसही तीच, दरीही तीच आणि निवाडाही तिचाच. लढाईत वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात बोनस मिळवायचे, आणि बेरीज शत्रूच्या कवचाच्या आकड्याला पोचली की घाव बसला. बोनस विसरू नयेत म्हणून तिने धंद्यातलीच युक्ती काढली होती. डोळे तपासायची एकेक जुनी फ्रेम प्रत्येकापुढे उभी. बोनस मिळाला की खाचेत एक काच. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काचेवर काच चढवली की नंबरात नंबर मिळतो, हे तिने जन्मभर हाताने केलेलं. त्यामुळे बोनसवर बोनस चढतो यात विचारण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नाही.

टेबलावर पोस्टमन होता. त्याचा वीर नगारा वाजवून सोबत्यांना चेव आणायचा. औषधाच्या दुकानातली बाई होती; ती आशीर्वाद देणारी जोगीण. आणि तिसरे भाऊजी, म्हणजे चष्मेवालीचे थोरले दीर. त्यांचा ढालकरी पहिल्या दिवसापासूनचा.

भाऊजी आणि तिचा नवरा हे सख्खे भाऊ. दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. एकमेकांच्या घरी जाणं बंद, फोन बंद. मात्र रविवारी डाव संपला की भाऊजी बाहेर काउंटरपाशी उभ्या उभ्या चहा घ्यायचे आणि धाकट्याशी चार शब्द बोलायचे. हवा काय, गुडघा काय, बस्स. दोन घरांत उरलेला धागा तेवढाच. आणि भाऊजींनी एकदा नव्हे, दहादा बजावलं होतं, "माझा ढालकरी गेला की मीही गेलो. नवा गडी उभा करायचं माझं वय नाही."

त्या दुपारी ढालकरी ड्रॅगनपुढे एकटा उभा होता. बाकी दोघं पुलाच्या अलीकडे. त्याच्या अंगात जीव उरलेला अगदी थोडा. ड्रॅगनचं कवच एकोणीस, आणि तोही घायाळ. एक घाव बसला असता तर आडवा झाला असता.

"अंगचं बळ चार, तलवारीचे दोन," भाऊजींनी काचांवर बोट फिरवलं. "नगाऱ्याचे तीन, आशीर्वादाचे दोन. अकरा. आठ आला की काम फत्ते."

"धूर आहे ना पण? आणि हात जखमी," औषधवाली म्हणाली. "दोन्हींचा एकेक कापायचा की एकच?"

"तू कोणाच्या बाजूची गं?" भाऊजी म्हणाले. "पुस्तकात बघा. नवंकोरं आणलंय ना?"

चष्मेवालीने पुस्तक उघडलं. पूर्वी गळालेलं पान आता जागेवर होतं. तिने ओळ वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. कपात प्रत्येक वेगळी धरावी, हे होतंच. पण त्याच्या वर लिहिलं होतं, एकाच प्रकारचे बोनस एकमेकांत मिळवू नयेत. त्यांतला मोठा तेवढा धरावा. खाली प्रकारांची नावं होती. नगारा आणि आशीर्वाद, दोन्ही मनोबलाचे.

पान फक्त तिच्यासमोर होतं. मिटलं असतं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पडद्यापलीकडे, दुकानात, नवरा कुणाला तरी फ्रेम दाखवत होता. त्याचा आवाज येत होता.

"काय गं, झोपलीस?" भाऊजींनी विचारलं.

"भाऊजी, दोन्ही कापायचे," ती म्हणाली. मग एका दमात, "आणि आशीर्वाद धरता येणार नाही. नगारा आहे ना, तो मोठा. एका जातीचे दोन चालत नाहीत. मी इतकी वर्षं चुकीचं चालवलं."

तिने हात पुढे करून ढालकऱ्याच्या फ्रेममधली आशीर्वादाची काच काढली.

"ताई, पुढच्या रविवारपासून लागू करू की," पोस्टमन हळूच म्हणाला.

"मग आजचा ड्रॅगन खोटा मरेल."

"इतकी वर्षं दोन्ही बोनस जमत होते," भाऊजींचा आवाज चढला, "आणि आज, माझ्या मानगुटीवर ड्रॅगन बसल्यावर, जमेनात? मला घालवायचं असेल तर तोंडाने सांग!"

"तुम्हाला घालवायचं असतं तर पुस्तक कशाला लागलं असतं, भाऊजी?"

भाऊजींनी फासा उचलला. नऊ, वजा दोन, सात. आता बारा हवे होते. त्यांनी फासा मुठीत इतका वेळ धरला की औषधवालीने डोळे मिटून घेतले. फासा घरंगळला, बशीला आपटला, थांबला.

अकरा.

एकाने हुकला. काच जागेवर असती तर एकाने पुरून उरला असता. हे सगळ्यांनाच कळलं. मग ड्रॅगनची पाळी. चष्मेवालीने नेहमीप्रमाणे उघड्यावर फासा टाकला. सतरा. ढालकरी संपला.

भाऊजी उठले, चपला घातल्या आणि काउंटरकडे न बघता निघून गेले. चहा निवला.

पुढच्या रविवारी भाऊजींची खुर्ची रिकामी. नवरा पडद्याकडे दोनदा बघून गेला. त्याच्या पुढच्या रविवारी भाऊजी आले ते थेट काउंटरवर, आणि भावावरच गरजले, "तुझ्या बायकोने माझा माणूस मारला!"

"नियमाने मारला," नवरा म्हणाला. "मी इथे बसून सहा वर्षं ऐकतोय, दादा. नगारा वाजला की छाती फुगते, आशीर्वाद मिळाला की तीच छाती फुगते. एक छाती दोनदा कशी फुगेल?"

"मग धूर आणि जखम दोन्ही कसे कापले?"

"नुकसान कधी कुणाला सवलत देतं का?"

"तू मला शिकवू नकोस! शेंबूड पुसलाय मी तुझा."

"पुसलास म्हणून काय बेरीज बदलते?"

दोघं असे भांडले की एका डोळ्यावर झाकण लावून बसलेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं. वाटणीवरूनही ते इतका वेळ कधी बोलले नव्हते. चष्मेवाली पडद्याआड उभी होती. मध्ये पडली नाही. अंधार पडू लागला तेव्हा दोघं तावातावाने समोरच्या खेळण्यांच्या दुकानात गेले. धनुष्याला कुठल्या जातीचा बोनस लागतो, हा वाद रस्ता ओलांडतानाही चालूच होता. भाऊजींनी तिथे नवा गडी म्हणून एक छोटा प्लास्टिकचा तिरंदाज निवडला. सुट्टे त्यांच्याकडे नव्हते.

तिरंदाज पस्तीस रुपयांचा. पैसे धाकट्याने भरले. थोरल्याकडून ते अजून यायचे आहेत.