मावशीचा डावा आणि उजवा

हिंगोली जिल्ह्यातला एखादा बिघडलेला स्पीकर माझ्या मावशीच्या हाताखालून न जाता परस्पर भंगारात गेला असेल, असं मला वाटत नाही. माझी मावशी शिरड शहापूरला राहते. दिसायला चारचौघींसारखी. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. तिला बाजारात पाहणाऱ्याला वाटावं, बाई वांगी घ्यायला आली आहे. वांगी ती घेतेच, पण सर्वांत शेवटी. त्याआधी ती आठवडी बाजाराच्या टोकाला, जुनं-पुरानं मांडून बसलेल्या माणसापुढे उकिडवी बसते, पिशवीतून टॉर्चचा एक सेल आणि दोन तारा काढते, आणि तिथल्या एकेका स्पीकरला तारा टेकवत जाते. जिवंत स्पीकर ‘खर्र’ करतो. तेवढ्यावर तिचं भागत नाही. ती त्याचा समोरचा गोल कागद बोटांनी हळूच दाबते, लेकराचं पोट दुखतंय का पाहावं तसा, आणि मग त्याचा चक्क वास घेते. आतली तार जळाली असेल तर वास येतो म्हणे. पहिल्यांदा मी तिच्यासोबत होतो तेव्हा लाजेनं चूर झालो. ती मात्र शांतपणे म्हणाली, “आरं, खरबूज घेताना वास घेतोस ना? मग?”

या नादाची सुरुवात कशी झाली ते कुणालाच नीट आठवत नाही. काका, म्हणजे मावशीचे यजमान, सांगतात की घरचा रेडिओ बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं महिनाभर दिला नाही, तेव्हा हिनं तो उचलून आणला आणि रागारागात स्वतः उघडला. तो सुरू झाला आणि काकांच्या भाषेत सांगायचं तर “तवापासून घर बिघडलं.” रेडिओला मोठा आवाज हवा म्हणून अॅम्प्लिफायर आला. तो एका मंडपवाल्यानं धंदा बंद करताना टाकून दिलेला. अॅम्प्लिफायर आला म्हणून स्पीकर आले. स्पीकर उघडे कसे ठेवायचे म्हणून एकाला शटरवाल्या जुन्या टीव्हीची लाकडी पेटी मिळाली आणि दुसऱ्याला मोडक्या कपाटाच्या फळ्यांची. दोन्ही पेट्यांना तिनं आपल्या हिरव्या लुगड्याचं कापड ताणून बसवलं. फाटलेल्या कागदाला बाभळीचा डिंक, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. पेट्या फरशीवर ठेवल्या तर घुमतात असं लक्षात आल्यावर तिनं त्या ज्वारीच्या पोत्यांवर चढवल्या. त्यामुळे घरात जसजसं दळण दळलं जाई तसतशी डावी बाजू खाली खाली बसत जायची, आणि मावशी जेवता जेवता सांगायची, “डावा उतरला बघा. आता उजव्यातली खायला काढा.”

ती कुठे काय हेरील याचा नेम नसे. एकदा आमच्या नात्यातले एक म्हातारे गृहस्थ वारले. मावशी भेटायला गेली, त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. ते रडणं अगदी खरं होतं, माणूस तिच्या जीवाभावाचा होता. पण पदरानं डोळे पुसता पुसता तिची नजर कोपऱ्यात गेली आणि हुंदका पुरता गिळायच्या आत तिनं विचारलं, “तो टेप बोलतो का गं?” येताना टेप तिच्या मांडीवर होता. पुढे तिनं तो बोलता केला आणि त्या म्हातारीला घरी बोलावून दोन दिवस गवळणी ऐकवल्या, हेही सांगायला हवं.

अॅम्प्लिफायर चालू झाला की तापायचा. मावशीला ऊब वाया गेलेली सोसत नाही. थंडीत ती त्याच्यावर दुधाचं पातेलं विरजण लावून ठेवायची. दोन कॅसेटी झाल्या की दही लागलेलं. काका पहिला घास घेऊन ओळखायचे, “आज लईच आंबट झालं. कव्वाल्या लावल्या व्हत्या व्हय?”

काका तसे अबोल. शेत, हळद, पेपर आणि अडकित्ता एवढंच त्यांचं जग. बैठकीत पाय ठेवायला जागा नाही, पाहुणा आला तर तारेत अडकून पडतो, माणसं हसतात, असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले. “ह्या भंगाराला एक दिवस गाडी दाखवतो,” हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य. मावशी त्यावर फक्त आवाज थोडा वाढवायची.

आणि मागच्या हिवाळ्यात गाडी खरोखरच आली. मावशी बारशाला नरसीला गेली होती. तिचा मुलगा पुण्याहून आलेला. मुलगा गुणी आहे, आईबापांवर जीव टाकणारा. त्यानं आईसाठी काठीसारखा लांबडा, काळा, नवाकोरा स्पीकर आणला होता. मोबाइलवर बोट टेकवलं की गाणं सुरू. आईला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून त्यानं सगळी बैठक झाडून-पुसून लख्ख केली आणि दारावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत चालली होती तिला हात दाखवला. पेट्या, अॅम्प्लिफायर, टेप, तारांची बोचकी, सगळं चढलं. काका ओसरीवर बसून पाहत होते. अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. इतकी वर्षं मागितलेलं आपोआप होत होतं. अडवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीत माझ्या दारात काका उभे. न कळवता काका कधी आले नव्हते. चहासुद्धा नको म्हणाले.

“ते भंगारवाले माल कुठं टाकतात, ठावं हाय का तुला?”

“काका, झालं काय?”

“काल रातच्याला घर खायला उठलं बघ. उद्या ती येऊन राहिली. चल.”

रस्त्यात त्यांनी सारं सांगितलं. भंगाराच्या गोदामात पत्रे, कूलर, सायकली यांचे डोंगर लागले होते. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, “वो कल का माल? थोडा खुल गया, थोडा बाकी है. देख लो.” अॅम्प्लिफायर, टेप आणि तारांची बोचकी एका बाजूला धड सापडली. टीव्हीची पेटी हिरव्या लुगड्यावरून लगेच ओळखू आली. दुसरी पेटी मात्र लाकडासाठी फोडून झाली होती आणि तिच्यातला स्पीकर तशाच वीस-पंचवीस स्पीकरांच्या ढिगात गेला होता. काका त्या ढिगासमोर बसले. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.

“कोणता होता, काका?”

ते हताशपणे माझ्याकडे पाहत म्हणाले, “इतकी वर्सं आवाज ऐकला रे. तोंड कुठं पायलं त्याचं? कायम पदराआड.”

मग त्यांनी मालकाच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावलं. त्यातला सेल काढला, जमिनीवरच्या दोन तारा उचलल्या, आणि पेपरामागून इतकी वर्षं जे चोरून पाहिलं होतं ते सगळं ओळीनं केलं. तारा टेकवल्या. ‘खर्र’ ऐकलं. कागद दाबून पाहिला. डोळे मिटून वास घेतला. गोदामातली माणसं कामं सोडून बघत उभी राहिली. मला यावेळी लाज वाटली नाही. शेवटी एक स्पीकर त्यांनी छातीशी धरला. “हाच असल. न्हाईतर ह्याचा भाऊ.”

आम्ही सगळं घरी आणलं तेव्हा मुलगा डोक्याला हात लावून बसला. “आधी सांगायचं ना, बाबा!” काका म्हणाले, “आधी मलाच कुठं ठावं व्हतं?” त्यांनी उजव्या स्पीकरला संत्र्याच्या खोक्यात बसवलं, समोर आपलं जुनं धोतर ताणून खिळे मारले, आणि दोन्ही पेट्या पोत्यांवर चढवून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा मीही तिथंच होतो. चप्पल काढता काढता तिनं बैठकीत पाहिलं. डावीकडे हिरवं लुगडं, उजवीकडे पांढरं धोतर. मुलानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, “बरं झालं, कोपरे तरी झाडून निघाले.” मग काकांकडे वळून तिनं विचारलं, “आवो, ह्याला धोतर काहून नेसवलं?”

“मग लुगडं कुठून आणू? तू तर नेसून गेलतीस.”

ती जी हसायला लागली ती मटकन पोत्यावरच बसली.

नव्या काळ्या स्पीकरलाही तिनं मान दिला. कान लावून ऐकला, चांगला आहे म्हणाली, उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्याला उघडायचं कुठून?” कुठूनच उघडत नाही म्हटल्यावर तिनं तो पुण्याच्या सुनेसाठी मुलासोबत परत धाडला. जुन्या तारा जोडून उजवा वाजवल्यावर मला स्वयंपाकघरात नेऊन ती हलकेच म्हणाली, “आपला न्हाई तो. लई घोगरा हाय.”

“मग बदलून आणू?”

“हात लावशील तर बघ.”

आता त्या घरात डावीकडून गोड आणि उजवीकडून घोगरं गाणं येतं. दोन्ही मिळून जे होतं ते कानाला बरं वाटतं. मावशी आता थकली आहे. परवा गेलो तेव्हा एक तार सुटली होती. सोल्डरिंगची तापलेली सळई तिच्या हातात, आणि काका शेजारी टॉर्च धरून उभे.

“हलवू नका ना उजेड,” ती म्हणाली.

“म्या कुठं हलवून राहिलो? तुझाच हात हलून राहिला.”

काकांनी टॉर्च माझ्याकडे दिला, खाली बसले, आणि आपला रापलेला हात तिच्या मनगटाखाली ठेवला. धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि सोल्डरचा डाग बरोबर जागेवर बसला.