लटारूचं उभं वल्हं

लटारू ढिवर म्हंजे एक नंबरचा खडूस माणूस. नदीच्या घाटावर माही चहाची टपरी, खाली रेतीत त्याचा डोंगा. कोणी "लवकर ने ना गा" म्हटलं का हा मुद्दाम बिडी पेटवे.

आमच्या गावाले तवा पूल नव्हता, अन् पलीकडं सारं जंगल. म्हून पोलीसबी त्याच्याच डोंग्यात बसत अन् जंगलातले नक्षली दादालोकबी. नाई म्हणायची सोय कुठी होती? लटारू फक्त एक करे. बंदुकवाले घाटावर आले का वल्हं रेतीत उभं रोवे. ते दिसलं का बाया पाण्याले येत नव्हत्या, पोट्टे आंघोळीले येत नव्हते. बंदूक कोणाची, ते तो सांगत नव्हता अन् आमी विचारत नव्हतो. ही गोठ गावाबाहेर गेली तं लटारू जिता राह्यत नाई, हे शेंबड्या पोट्ट्यालेबी मालूम होतं.

रिनालेबी मालूम होतं. आमच्याच गावची पोट्टी, ते वल्हं पाहूनच घरी पळत पळत मोठी झाली. हुशार लय. चंद्रपूरले कॉलेज केलं, मंग दिल्लीले एम.ए. कराले गेली. आंतरराष्ट्रीय सुरक्षा. म्यां विचारलं, "हे का असते वो?"

"इंदुताई, लढाया काऊन होते अन् त्याच्यात साधी माणसं कशी वाचते, ते शिकवते."

गावानं पोट्टीले डोक्यावर घेतलं. एम.ए.च्या शेवटी तिले मोठा प्रबंध लिवायचा होता, म्हून दिवाळीत आली अन् सारा दिवस लटारूजवळ बसली. त्या खडूसानं तिले सारं सांगतलं. म्यां त्याले झापलं, "तोंड काऊन उघडून राह्यला बे? मरतं का?"

"आपलीच पोट्टी हाय. तिले मालूम नाई असं का सांगून राह्यलो?"

खरं म्हंजे तो खुश होता. जन्मात त्याले कोणी त्याच्या कामाचं विचारलं नव्हतं.

रिनाच्या प्रबंधाले पहिलं बक्षीस भेटलं. चंद्रपूरले शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला, मुलाखत आली. 'माझ्या जिल्ह्यात एक नावाडी आहे. बंदूकधारी आले की तो वल्हं उभं रोवतो आणि अख्खं गाव सावध होतं.' लटारूचं नाव नाई, गावाचं नाई. टपरीवर म्यां ते वाचलं. अवं बाई, असं वल्हं रोवणारे नदीवर किती हाय? एकच.

पहिले पोलीस आले. "आमी आलो का दादालोकाले खूण देतं का?" म्हणत त्याले घेऊन गेले. काही दिवसानं सोडलं तवा त्याचा हात खांद्यावर चढत नव्हता. पण मार परवडला, सुटका नाई परवडली. जंगलात हिशोब झाला: एवढ्या लवकर सोडलं म्हंजे यानं तोंड उघडलं, अन् खूणबी पोलिसालेच देत असन.

बायको सुकरी म्हणे, सिरोंच्याकडं माह्या भावाकडं चाला. हा म्हणे, "डोंगा कोण चालवन?" दोन दिवसानं दादालोकायनं त्याले घरातून बोलावलं अन् घाटावरच मारलं. पोलिसायनं त्याले दादालोकाचा मानला, दादालोकायनं पोलिसाचा.

मयताले गाव आलं नाई. ज्यायले त्यानं वाचवलं ते सारे दारं लावून बसले, गेलो तं आपलंबी नाव लागन म्हून. सुकरीनं अन् तिच्या भावानं त्याले मसणात ओढत ओढत नेलं.

रिना आली महिनाभरानं. मी सुकरीजवळच बसली होती, ती मच्छी साफ करून राह्यली होती. पोट्टीनं तिचे पाय धरले. "काकी, प्रबंधात म्यां नाव बदललं होतं. गावबी बदललं होतं. आमाले तसंच शिकवते."

सुकरीनं पाय मागं घेतले. खाली पाहूनच विचारलं, "एम.ए. पास झाली ना?"

"हो."

"पहिल्या नंबरात?"

रिनानं मान हलवली.

"पोलिसाचा मार खाऊन आला तवा त्यानं पाण्याच्या आधी तेच विचारलं. पोट्टी पास झाली का. निकाल मालूम नव्हता, तरी म्यां म्हटलं, झाली. तं हसला मेला."

रिना तिथीच मातीत बसून रडाले लागली. आमी दोघीबी तिले चूप कराले गेलो नाई.